व्यापाऱ्याची पत्नी आणि नागरिकाची पत्नी : अमेरिकेतील चिनी दांपत्यांच्या सहनिवासाचा हक्क (१८७५–१९४६)

प्रास्ताविक

विवाहानंतर पती-पत्नीने एकत्र राहावे ही गोष्ट समाजाला इतकी स्वाभाविक वाटते की, तिच्यासाठी राज्यसंस्थेची अनुमती लागू शकते हे सहसा ध्यानात येत नाही. दोघांपैकी एकजण परकीय असला की मात्र हा प्रश्न घराच्या उंबरठ्यावरून थेट बंदरावरील अधिकाऱ्याच्या मेजावर जातो. चिनी जोडीदारासह परदेशी वास्तव्य करू इच्छिणाऱ्या दांपत्याला आजही व्हिसाचे पर्याय, विवाहाचे पुरावे आणि अर्थार्जनाचे दाखले यांचा विचार करावा लागतो. अशा नियमांमागे राज्यसंस्थेची कोणती दृष्टी असते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण विशेष बोलके आहे. अमेरिकेत चिनी पत्नीचा प्रवेशाचा हक्क नागरिकत्वातून नव्हे, तर व्यापारविषयक हितसंबंधातून आणि तहातून निर्माण झाला, ही बाब प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पतीचा व्यवसाय, पत्नीचा दर्जा

चिनी स्थलांतरावरील पहिले संघीय निर्बंध स्त्रियांवर आले, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. १८७५ च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या पौर्वात्य स्त्रियांना प्रवेशबंदी केली. कायद्याचा शब्द मर्यादित होता. पण हाँगकाँग येथील अमेरिकन वकिलातीत होणाऱ्या चौकशीमुळे विवाहित स्त्रियांनाही आपले चारित्र्य सिद्ध करावे लागे. १८८० च्या तहाने चिनी मजुरांच्या आगमनावर निर्बंध घालण्याची मुभा अमेरिकेला मिळाली. मात्र व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी व प्रवासी यांना, त्यांच्या घरगुती नोकरांसह, मुक्तपणे ये-जा करण्याचा हक्क राहिला. तहात नोकरांचा उल्लेख आहे, पत्नीचा नाही. पुढील वादाचे मूळ या मौनात आहे.

१८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने मजुरांचा प्रवेश दहा वर्षांसाठी बंद केला. दोनच वर्षांत, १८८४ मध्ये, आह मोय हिच्या प्रकरणात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने असा निर्णय दिला की, मजुराशी विवाह करणारी स्त्री मजुराचाच दर्जा धारण करते. तिच्या पतीजवळ परतीचा दाखला होता. परंतु त्या दाखल्याचा लाभ पत्नीला मिळाला नाही. याउलट १९०० मध्ये ग्वे लिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्याच्या पत्नीला व अज्ञान अपत्यांना स्वतंत्र दाखल्याविना प्रवेश मान्य केला. दोन्ही निकालांमागील तत्त्व एकच होते : पत्नीचा दर्जा पतीच्या दर्जावरून ठरतो. एका स्त्रीला ते तारक ठरले, दुसरीला मारक.

साहजिकच ‘व्यापारी कोण’ हा प्रश्न कौटुंबिक प्रश्न होऊन बसला. १८९३ च्या दुरुस्तीनुसार निश्चित पेढी असणारा, आपल्या नावाने खरेदी-विक्री करणारा आणि अंगमेहनत न करणारा इसमच व्यापारी ठरे. पूर्वी येथे व्यापार केल्याच्या आधारे परत येणाऱ्यास त्यासाठी दोन विश्वासार्ह चिनीेतर साक्षीदार आणावे लागत. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत १,०३,६२० चिनी पुरुष आणि अवघ्या ३,८६८ चिनी स्त्रिया होत्या. ही विषमता केवळ कायद्यामुळे निर्माण झाली असे म्हणता येणार नाही; पत्नीने सासरी राहून सासू-सासऱ्यांची सेवा करावी ही दक्षिण चीनमधील रूढीही त्यास कारण होती. तथापि रूढी कालांतराने सैल होऊ शकली असती. कायद्याने तिला तशी संधी दिली नाही.

२५ मे १९२५ चे दोन निकाल

१८९८ च्या वाँग किम आर्क खटल्याने अमेरिकेत जन्मलेल्या चिनी वंशाच्या व्यक्तीचे नागरिकत्व निर्विवाद झाले होते. नागरिकाला निदान व्यापाऱ्याइतका तरी हक्क असावा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने मात्र नागरिकत्वास अपात्र मानल्या गेलेल्या परकीयांना दार बंद केले आणि चिनी स्त्रिया वंशाच्या निकषावर त्यात मोडल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये सान फ्रान्सिस्को बंदरात आलेल्या काही स्त्रिया अडवल्या गेल्या व प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली.

२५ मे १९२५ रोजी न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी दोन्ही निकाल दिले. च्युंग सम शी प्रकरणात व्यापाऱ्यांच्या पत्नी व अपत्ये यांना प्रवेश मिळाला. कारण १८८० च्या तहातील हक्क नव्या कायद्याने रद्द केलेले नव्हते. चँग चान प्रकरणात मात्र अमेरिकन नागरिकांच्या पत्नींना परत जाण्यास सांगण्यात आले. प्रकरणातील कष्ट पाहून कायद्याच्या स्पष्ट शब्दांपासून दूर जाता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे चीनच्या प्रजाजनाला अमेरिकेत संसार करता येई, अमेरिकेच्या नागरिकाला येत नसे. न्यायालयाची तर्कपद्धती निर्दोष असेलही; पण ज्या नागरिकाच्या पाठीशी परराष्ट्राचा तह नव्हता, त्याचे नागरिकत्व पोकळ ठरले. १३ जून १९३० च्या दुरुस्तीने हा अन्याय अंशतः दूर झाला : २६ मे १९२४ पूर्वी विवाह झालेल्या पत्नींनाच तिचा लाभ होता.

नागरिकत्व गमावणाऱ्या स्त्रिया

पती परकीय व पत्नी अमेरिकन असेल तर दंड पत्नीला होई. १९०७ च्या कायद्यानुसार परकीयाशी विवाह करताच तिचे नागरिकत्व जाई. १९२२ च्या केबल कायद्याने हा नियम शिथिल केला, पण नागरिकत्वास अपात्र असलेल्या पुरुषाशी विवाह करणारीला सवलत नाकारली. १९२३ च्या भगतसिंग थिंड निकालानंतर भारतीयही या अपात्र वर्गात गणले गेले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचे स्वतःचे नागरिकत्व रद्द करण्याचा खटला सरकारने चालवला, तेव्हा आपल्या अमेरिकन पत्नीचे नागरिकत्वही धोक्यात येते, हा मुद्दा त्यांनी मांडला आणि ते विजयी झाले. चिनी व भारतीय कुटुंबांचे प्रश्न येथे एकाच कलमाखाली आले होते. हे कलम १९३१ मध्ये रद्द झाले.

चौकशीतील विवाह

ज्यांना हक्क होता, त्यांनाही तो सिद्ध करावा लागे. सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल आयलंड ठाण्यावर १९१० ते १९४० या काळात पती-पत्नींची वेगवेगळी जबानी घेतली जाई. गावात घरांच्या ओळी किती, शेजारी कोण राहते, तांदळाचे भांडे कोठे ठेवलेले असते, असे प्रश्न विचारले जात. उत्तरांत तफावत आढळली की विवाहाविषयीच संशय निर्माण होई. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सान फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी नष्ट झाल्या होत्या. त्याचा लाभ घेऊन अनेकांनी खोटी नाती कागदावर आणली, हेही खरे. अधिकाऱ्यांचा संशय निराधार नव्हता. पण खरे दांपत्यही घाबरून चुकीचे उत्तर देऊ शकते, याला त्या पद्धतीत फारसे स्थान नव्हते.

युद्धकाळात चीन मित्रराष्ट्र झाल्यावर १७ डिसेंबर १९४३ रोजी बहिष्कार कायदे रद्द करण्यात आले आणि चिनी वंशाच्या व्यक्तींसाठी वर्षाला १०५ जागांचा कोटा ठरला. नागरिकांच्या चिनी पत्नीही याच कोट्यात मोजल्या जात. त्यांना कोट्याबाहेर प्रवेश देणारा कायदा ९ ऑगस्ट १९४६ रोजी झाला. चँग चान प्रकरणाच्या निकालाला तेव्हा एकवीस वर्षे उलटली होती.