तारापूरचा किल्ला आणि ख्रिस्तजन्म

‘नाताळ’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला आहे की तो परका आहे याची आठवणही कोणास राहत नाही. पगार, चावी, बटाटा, काजू, पाद्री या शब्दांबरोबरच तोही पोर्तुगीजांच्या गलबतांतून आमच्या किनाऱ्यावर उतरला. पोर्तुगीज भाषेतील ‘नाताल’ म्हणजे जन्म, जन्मदिवस. इंग्रजांच्या ‘ख्रिसमस’ या शब्दात ख्रिस्ताचे नाव आहे आणि त्याच्या उपासनेचाही उल्लेख आहे. आमच्या शब्दात मात्र नुसता जन्म आहे. कोणाचा जन्म, कशासाठी जन्म, हे शब्द सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने विचारावयाचे असते.

हा प्रश्न आम्ही तारापुरात उभे राहून विचारणार आहोत. आज तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुविद्युत केंद्र आणि बोईसरजवळचे कारखाने लोकांच्या डोळ्यांपुढे येतात. परंतु चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर त्याहून जुनी एक वास्तू आहे, ती म्हणजे पोर्तुगीजांचा किल्ला. त्याच्या आश्रयाने ज्यांनी येथे नाताळ साजरा केला ते राज्यकर्ते १७३९ साली गेले. शब्द मात्र राहिला. किल्ला पडला तरी शब्द का राहिला, आणि त्या शब्दाचा खरा अर्थ किल्ल्याला कधी कळला होता काय, एवढेच या निबंधात पाहावयाचे आहे. श्रद्धेच्या बाजूने वा विरुद्ध निवाडा देणे हे आमचे काम नाही. एका धर्माचे अनुयायी आपल्या मुख्य सणाचा अर्थ काय मानतात आणि तो अर्थ आमच्या भाषेत कसा आला, हे समजून घेणे हे मात्र इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

प्रथम मूळ कथा पाहू. येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत. त्यांपैकी मार्क व योहान यांनी जन्मकथा सांगितलेलीच नाही. ती सांगतात मत्तय आणि लूक. लूकच्या कथेत रोमचा बादशहा औगुस्त शिरगणतीचा हुकूम काढतो. त्या हुकुमामुळे योसेफ व गरोदर मरिया यांना बेथलेहेम गावी यावे लागते. उतरण्यास जागा मिळत नाही, म्हणून नवजात बालकास गव्हाणीत निजवावे लागते. जन्माची वार्ता पहिल्याने कळते ती रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत धनगरांना. मत्तयाच्या कथेत पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागाने येतात, आणि हेरोद राजा आपले सिंहासन जाईल या भयाने लहान मुलांची कत्तल मांडतो. मायबापांना मूल घेऊन परमुलखात, मिसर देशी पळावे लागते.

हेरोद इसवी सनापूर्वी ४ च्या सुमारास मरण पावला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा येशूचा जन्म त्याच्या आधीचाच धरावा लागतो. ज्या जन्मापासून सन मोजतात तो जन्मच सनाच्या आधीचा ठरतो! सहाव्या शतकात दियोनिसियस नावाच्या साधूने ही कालगणना बसविली, तीत ही चूक राहून गेली. तारखेचीही गोष्ट अशीच आहे. शुभवर्तमानांत दिवस वा महिना दिलेला नाही. पंचवीस डिसेंबर हा दिवस रोममध्ये पाळला जात असल्याचा जुना पुरावा ३५४ साली संकलित झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात मिळतो, आणि त्यातील नोंद ३३६ च्या सुमाराची समजतात. सूर्याच्या जुन्या उत्सवावरून हा दिवस घेतला असे काही विद्वान म्हणतात. गर्भधारणेचा दिवस पंचवीस मार्च धरून त्यापुढे नऊ महिने मोजले असे दुसरे म्हणतात. वाद मिटलेला नाही. परंतु त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की पहिल्या ख्रिस्ती लोकांना जन्माच्या तारखेचे फारसे महत्त्व नव्हते. त्यांचा मोठा सण पुनरुत्थानाचा. जन्माकडे ते वळले ते पुढच्या प्रश्नामुळे. जो मेला आणि उठला असे आपण मानतो, तो मुळात माणूस होऊन आला कशासाठी?

या प्रश्नाला त्या धर्मात अनेक उत्तरे आहेत. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने एक सुंदर दृष्टान्त दिला आहे. फळीवर काढलेले चित्र डाग पडून पुसट झाले, तर फळी कोणी टाकून देत नाही. ज्याचे ते चित्र त्यालाच पुन्हा समोर बसवून त्याच फळीवर रूप नव्याने उतरवितात. मनुष्य ही देवाची प्रतिमा. ती पापाने मळली, म्हणून ज्याची प्रतिमा त्यानेच यावे लागले. पुढे १०९८ च्या सुमारास कँटरबरीच्या आन्सेल्मने ‘देव मनुष्य का झाला’ याच नावाचा ग्रंथ पुरा केला. त्याचा युक्तिवाद सावकारी पेढीवरच्या माणसालाही कळेल असा आहे. ऋण मनुष्याचे, म्हणून ते मनुष्यानेच फेडले पाहिजे. परंतु ते इतके मोठे की देवावाचून कोणाला फेडता येणार नाही. म्हणून फेडणारा देवही हवा आणि मनुष्यही हवा. थोड्याच वर्षांनी फ्रान्समध्ये आबेलार्डने ऋणापेक्षा प्रेमावर भर दिला. देवाने आमचे जिणे स्वतः जगून दाखविले, ते पाहून आमच्या मनात प्रेम जागे व्हावे यासाठी तो आला, असे त्याचे म्हणणे.

आमच्याकडील वाचकाला येथे साहजिकच अवतारकल्पना आठवेल. साम्य आहे, पण भेदही लक्षात घेतला पाहिजे. गीतेत सांगितलेला अवतार युगायुगात होतो, आणि त्याचे प्रयोजन सज्जनांचे रक्षण व दुर्जनांचा नाश हे आहे. ख्रिस्ती मताप्रमाणे हे येणे एकदाच झाले. आणि ते दुर्जनाला मारण्यासाठी झालेले नसून त्याच्या वतीने मरण्यासाठी झाले. म्हणूनच त्या कथेत शस्त्र आहे ते हेरोदाच्या हाती, आणि बालक आहे ते गव्हाणीत. नाताळचा सारा अर्थ या मांडणीत साठविलेला आहे, असे आम्हांस वाटते.

आता हीच कथा आमच्या किनाऱ्यावर कशी आली ते पाहा. १५३३ साली पोर्तुगीज आरमाराने वसईपासून तारापुरापर्यंतचा किनारा जाळला. तारापूरच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, व्यापाऱ्यांना या लोकांची ओळख अशी आगीच्या उजेडात झाली. पुढच्याच वर्षी, १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख त्यांना लिहून दिला. १५५९ साली त्यांनी दमण घेतले, आणि त्या दोहोंमधल्या किनाऱ्यावर ठाणी बसली. गलबतांतून तोफा उतरल्या तसे पाद्रीही उतरले. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायालय आले. साष्टीतली देवळे पाडली गेली. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले, आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावून मारण्यात आले. गव्हाणीतल्या बालकाची गोष्ट सांगणाऱ्यांच्या पाठीशी औगुस्ताचे हुकूम आणि हेरोदाच्या तलवारी उभ्या होत्या. हा इतिहास झाकून नाताळचा अर्थ सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु इतिहास एवढ्यावरच थांबत नाही. कुंकळ्ळीला पडलेल्या पाद्र्यांची शवे परत आणण्याचे काम ज्यांनी केले त्यांत एक इंग्रज जेझुइट होता, त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडात जन्मलेला हा गृहस्थ ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ साली तेथेच वारला. चाळीस वर्षे त्याने बहुतांशी साष्टीच्या गावांत काढली. लोकांची बोली कोंकणी. पोथीपुराणांची भाषा मराठी. त्याने दोन्ही शिकून घेतल्या. बोलीचे व्याकरण लिहिले, आणि मराठीत ओवी रचली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. एकनाथ महाराजांना जाऊन तेव्हा सतराच वर्षे झाली होती.

या पुराणाच्या आरंभी त्याच्या जन्माचे कारण सांगितले आहे. चर्चमध्ये धर्मशिकवण झाल्यावर एक ब्राह्मण उठून पाद्र्यास विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास दुसरे एखादे पुराण का करीत नाही? आम्हांस हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. त्यात विनंती आहे, पण तिच्या पोटी गाऱ्हाणेही आहे. ज्याची पोथी हिरावून घेतली त्या माणसाचा तो प्रश्न आहे. स्टीफन्सने तो आपल्या ग्रंथातून वगळला नाही. आणि त्याचे उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या.

त्या ओव्यांची रचना पाहिली तर ‘येशू का जन्मला’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच सापडते. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वर, म्हणजे अध्याय, सृष्टीची उत्पत्ती, पहिल्या मानवांचा अधःपात आणि तारणाऱ्याची पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली वाट यांत खर्ची पडले आहेत. दुसऱ्या पुराणाच्या एकोणसाठ अवस्वरांत येशूचे चरित्र येते. रोग सांगितल्यावाचून औषधाचे नाव घ्यावयाचे नाही, असा जणू त्याचा बाणा आहे. शिवाय स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. ज्या श्रोत्यांच्या कानांवर ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवीचा संस्कार झालेला, त्यांच्याच छंदात तो बोलतो. देवाचा शब्द मनुष्यदेहात आला, हे जर नाताळचे सार, तर त्या साराला शोभेल अशी वागणूक या माणसाने केली. त्याने आपली वाणी मराठीच्या देहात घातली. किल्ला बांधणाऱ्याला लोकांनी आपल्याकडे यावे असे वाटते. पुराण रचणाऱ्याला लोकांकडे जावे लागते.

राज्यसत्तेला मात्र हे रुचले नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेने धर्म लोकांच्या अंतःकरणात नेला तीच भाषा सत्तेला नकोशी झाली. परंतु पुराण मेले नाही. गोव्यातून दक्षिण कानडा जिल्ह्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जतन केल्या. त्यांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले, आणि १९५६ साली पुण्यास देवनागरीत निघाले.

किल्ल्याचे काय झाले? १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजा तारापुरास भिडल्या. सुरुंग लावून, शिड्या चढून मराठ्यांनी तो घेतला. बाजी भिवराव रेटरेकर यांच्यासारखा मोहरा तेथे पडला. मे महिन्यात वसईही पडली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली गेली. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांचा कित्ता गिरविला नाही. आणि मग जे घडले ते विचार करण्याजोगे आहे. पाठीशी तोफ उरली नाही, तरी वसईच्या गावांतून नाताळ होतच राहिला. गव्हाणीतल्या बालकाला किल्ल्याची गरज नव्हती, हे किल्ला पडल्यावर सिद्ध झाले.

पुढची वाट भाषेचीच आहे. १८११ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीने मराठी नवा करार छापला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. ते अपुरे ठेवून ते १९१९ साली निवर्तले, आणि ते काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. रोमन कॅथलिक पंथात मात्र वेदीवरची उपासना तोपर्यंत लॅटिनमध्येच होती. घरात मराठी आणि चर्चमध्ये लॅटिन, असा हा संसार शतकानुशतके चालला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना वाट करून दिली, तेव्हा कोठे नाताळच्या मध्यरात्रीची उपासना मराठीत होऊ लागली. २०१० साली वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध झाले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. वसई आणि तारापूर ही दोन्ही ठाणी आज एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. ज्या मुलखात एके काळी तोफेच्या धाकाने ही कथा सांगितली गेली, त्याच मुलखातला एक लेखक ती मराठीत सांगतो आणि मराठी समाज त्याला आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावर बसवितो, ही घटना लहान नव्हे.

साष्टीतल्या त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाला खरे उत्तर कोणते मिळाले, हे यावरून ठरविता येते. येशू का जन्मला याचे ख्रिस्ती उत्तर असे, की बलवंताने दुर्बळाच्या घरी, त्याच्याच रूपाने आणि त्याच्याच बोलीने यावे, हे देवाला योग्य वाटले. हे उत्तर कोणी स्वीकारावे वा न स्वीकारावे. परंतु स्वीकारणाऱ्याने तलवार घेऊन येऊ नये, एवढे तर ते उत्तरच त्याला सांगते. नाताळच्या दिवसांत वसईकडच्या घरांतून गवताचा गोठा मांडतात. त्या गोठ्यात बालक असते, आईबाप असतात, गुरे असतात, मेंढपाळ असतात. किल्ला कोणी मांडीत नाही.