द्विप्रवाह सन्निकटन

द्विप्रवाह सन्निकटन ही ढगांतून जाणाऱ्या सौर प्रारणाचा हिशेब अदमासे करण्याची गणिती पद्धत आहे. हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांत ती आणि तिच्यापासून निघालेल्या पद्धती वापरल्या जातात.

पद्धत

ढगातील जलकणांवर आदळून प्रकाश पुनःपुन्हा दिशा बदलतो. प्रत्येक दिशेचा स्वतंत्र हिशेब ठेवणे संगणकालाही जड जाते. म्हणून सर्व प्रारण ‘वर जाणारे’ व ‘खाली येणारे’ अशा दोनच प्रवाहांत विभागले जाते. आर्थर शुस्टर यांनी १९०५ मध्ये धूसर वातावरणातील प्रारणासाठी ही कल्पना मांडली. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या १९५० सालच्या ग्रंथात अनेक दिशांची अधिक अचूक रीत विस्ताराने आली आहे. जलकण बहुतांश प्रकाश पुढेच फेकतात. हा गुण हिशेबात घेणारी ‘डेल्टा-एडिंग्टन’ ही सुधारणा १९७६ मध्ये झाली.

उदाहरण

ढगाची दाटी ‘प्रकाशीय जाडी’ या संख्येने मोजतात. तिला जलढगांसाठी ०.१५ ने गुणून येणारी संख्या ‘फ’ मानल्यास, शोषण व जमिनीचे परावर्तन वगळता, परावर्तित अंश फ ÷ (२ + फ) इतका येतो. जाडी १० असल्यास तो सुमारे ४३ टक्के होतो.

मर्यादा

या सूत्रात ढग सर्वत्र सारखा मानलेला असतो. चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यावर पावसाच्या उघडिपीत मात्र दाट आणि विरळ ढग शेजारी शेजारी दिसतात. निम्म्या भागात जाडी २ व निम्म्या भागात १८ असल्यास सरासरी १० च राहते. परंतु दोन्ही भागांचे परावर्तन अनुक्रमे १३ व ५७ टक्के, म्हणजे सरासरीने ३५ टक्केच भरते. आधी ढगांची सरासरी काढल्यास जमिनीवर पोहोचणारे ऊन कमी दाखवले जाते. दिवसाचे तापमान, बाष्पीभवन आणि ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या भातपट्ट्यातील पिकाला मिळणारा प्रकाश यांच्या अंदाजांत ही चूक उतरू शकते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली आणि २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुमारे ६ किलोमीटरच्या चौकटी वापरते. एवढ्या चौकटीतही अनेक छोटे ढग मावतात.

उपाय

चौकटीचे अनेक उभे स्तंभ कल्पून प्रत्येकाचा द्विप्रवाह हिशेब वेगळा करता येतो. हा खर्च वाचवण्यासाठी २००३ मध्ये पिंकस, बार्कर व मॉरक्रेट यांनी प्रत्येक तरंगलांबी-गटासाठी यादृच्छिकपणे एक स्तंभ निवडण्याची ‘मॉन्टे कार्लो’ रीत सुचवली. तिरप्या उन्हात ढगांच्या कडांतून बाजूने शिरणारा प्रकाश मात्र तिच्यातही सुटतो.