खिडक्या-दारे बसवणाऱ्याची पारख : ब्रिटनमधील मान्यतापत्रांचा अर्थ

पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे गोव्यातून ब्रिटनमध्ये गेलेली अनेक कुटुंबे आज स्विंडन, लेस्टर, साउथॉल अशा ठिकाणी स्थायिक झाली आहेत, आणि त्यांतील काहींनी तेथे स्वतःची घरे घेतली आहेत. अशी घरे पुष्कळदा जुनी, विटांची, एकमेकांना लागून रांगेत उभी असलेली असतात. घर ताब्यात आल्यावर लवकरच समोर उभा राहणारा मोठा खर्च म्हणजे खिडक्या आणि दारे. जुन्या चौकटींच्या फटींतून हिवाळ्यात वारा आत येतो, तावदानांवर ओल धरते, घर तापवण्याचे बिल वाढत जाते. मग कंत्राटदारांची माहितीपत्रके गोळा होतात आणि प्रत्येकाच्या तळाशी पाच-सहा चिन्हे छापलेली दिसतात. त्यांतील एखादे चिन्ह कायद्याशी जोडलेले असते, दोन-तीन केवळ मालाविषयी बोलतात, एखादे निव्वळ व्यापारी संघटनेच्या सभासदत्वाचे असते. सर्वांना एकाच तागडीत घातले की घरमालकाची फसगत होते, आणि ती बहुधा घर विकायला काढल्यावर उघडकीस येते.

कायद्याचा भाग आधी पाहावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २००२ पासून राहत्या घराच्या खिडक्या व काचेची दारे बदलणे हे इमारत नियमांच्या कक्षेत आले. त्यामागील मुख्य हेतू उष्णतेची गळती रोखण्याचा होता. मात्र सुरक्षित काच, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट आणि खोलीतील हवा खेळती राहणे याही बाबी त्या कामात पाळाव्या लागतात. नियम पाळल्याचे दाखवण्याचे मुख्य मार्ग दोन. घरमालकाने काम सुरू होण्यापूर्वी स्थानिक परिषदेच्या इमारत नियंत्रण विभागाकडे अर्ज करावा, शुल्क भरावे आणि तपासणी करून घ्यावी, हा पहिला. स्वतःच्या कामाचा दाखला देण्याचा अधिकार सरकारमान्य योजनेतून मिळालेल्या व्यावसायिकाकडून काम करून घ्यावे, हा दुसरा. लाखो घरांच्या खिडक्या एकेक करून तपासणे परिषदांना शक्य नव्हते, म्हणून दुसरा मार्ग काढला गेला. काच व्यवसायाच्या ‘ग्लास अँड ग्लेझिंग फेडरेशन’ या संघटनेने त्यासाठी ‘फेन्सा’ ही योजना उभारली. पुढे ‘सर्टास’सारख्या आणखी योजना आल्या. कायद्याच्या दृष्टीने फेन्साचा दाखला आणि सर्टासचा दाखला यांचे वजन सारखेच आहे. एकाच योजनेचे नाव घेऊन दुसरी दुय्यम असल्याचे सांगणारा विक्रेता आपला माल खपवत असतो, इतकेच.

या योजनांत नोंद होते ती व्यवसायाची. नोंदलेल्या व्यवसायाच्या कामांपैकी काही कामे नमुन्यादाखल निवडून निरीक्षक तपासतात. प्रत्येक घरी निरीक्षक येतो, हा समज चुकीचा आहे. तेव्हा फेन्साचे चिन्ह पाहून ‘माझ्या घराचे काम तपासले जाईल’ असे गृहीत धरू नये. हा कंत्राटदार तपासणीच्या कक्षेत आहे आणि काम नियमानुसार झाल्याचे लेखी सांगण्यास बांधील आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणूनच मोटारीवरच्या चिन्हापेक्षा काम संपल्यावर हाती येणारा कागद मोलाचा. काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची सूचना स्थानिक परिषदेकडे जावी लागते, आणि घराच्या पत्त्यावर निघालेले प्रमाणपत्र घरमालकाला मिळते. घर विकताना विक्रेत्याला मालमत्तेविषयीचा जो माहिती-अर्ज भरून द्यावा लागतो, त्यात एप्रिल २००२ नंतर खिडक्या-दारे बदलली का, हा प्रश्न असतो. बदलली असतील तर खरेदीदाराचा सॉलिसिटर प्रमाणपत्र मागतो. ते नसेल तर व्यवहार आठवडे-आठवडे रखडतो. परिषदेकडे मागाहून अर्ज करून काम नियमित करून घ्यावे लागते, नाहीतर त्या त्रुटीपोटी विमा काढून द्यावा लागतो, किंवा किंमत उतरवावी लागते. कंत्राटदाराचे पैसे चुकते झाले आणि त्याने नोंद केलीच नाही, असे प्रकार घडतात. आणि परिषदेने नियमभंगाची नोटीस काढायची ठरवली तर ती मालकाच्या नावे निघू शकते. काम होऊन महिना-दीड महिना उलटला तरी कागद आला नसेल, तर योजनेच्या संकेतस्थळावर आपला पत्ता घालून पाहावे. प्रमाणपत्र हरवले असेल तर प्रतही तेथूनच मिळते.

योजनेची मर्यादाही ओळखून असावे. ती आहे त्या घरातील आहेत त्या खिडक्या-दारे बदलण्यासाठी आहे. घराला जोडून बांधलेली नवी खोली, भिंत फोडून केलेले नवे किंवा मोठे द्वार अशा कामांना परिषदेची वेगळी मंजुरी लागते. वारसा-यादीतील इमारतीत तर चौकटीची धाटणी बदलण्यापूर्वीही परवानगी हवी. आणि फ्लॅट घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पाहावी: दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेल्या फ्लॅटच्या बाह्य खिडक्या पुष्कळदा फ्लॅटधारकाच्या नसतातच, त्या इमारतीच्या मूळ मालकाच्या असतात. तेथे मान्यताप्राप्त कंत्राटदार नेमूनही पट्ट्यातील अटीचा भंग होऊ शकतो.

मालाविषयीच्या चिन्हांचे काम निराळे. ब्रिटिश मानक संस्थेचे ‘काइटमार्क’ हे पतंगाच्या आकाराचे चिन्ह एखादे उत्पादन ठरावीक मानकाप्रमाणे तपासले गेल्याचे सांगते. ते चौकटीवर आहे की काचेवर, हे विचारावे, कारण दुहेरी काचेच्या तावदानाचे मानक वेगळे आणि चौकटीचे वेगळे. ऊर्जेची प्रतवारी ए++ पासून ई पर्यंत जाते. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून जुन्या घरात बदललेल्या खिडकीला किमान बी प्रत, अथवा १.४ पेक्षा अधिक नसलेला उष्णता-वहनांक लागतो. हा आकडा जितका कमी तितकी खिडकी ऊब अधिक राखते. म्हणजे ‘आमच्या खिडक्या बी प्रतीच्या’ ही जाहिरात खास काही सांगत नाही, ती कायद्याची किमान रेषा आहे. घरफोडीला दाद न देणाऱ्या दारासाठी ‘पास २४’ हे मानक पाहतात, आणि ‘सिक्युअर्ड बाय डिझाइन’ हा पोलिसांच्या पुढाकाराने चालणारा उपक्रम अशा मालाला आपली पसंती देतो.

उत्तम खिडकी वाईट बसवली तर ती वाईटच खिडकी. चौकट आणि भिंत यांमधील फट नीट भरली नाही, उंबरा ओळंब्यात नाही, पाणी बाहेर काढणारी बारीक छिद्रे सिमेंटने बुजली, तर ए++ प्रत कागदावरच राहते. बसवणीसाठी ब्रिटिश मानकांत स्वतंत्र आचारसंहिता आहे, तिचा क्रमांक ८२१३, भाग ४. अंदाजपत्रकात तिचा उल्लेख करून घेणे फुकटचे आहे. प्रत्यक्ष हत्यारे हाती घेणारी माणसे कंपनीची आहेत की रोजंदारीवर आणलेली, आणि त्यांच्याकडे किमान तांत्रिक पात्रतेचा पुरावा आहे का, हेही विचारावे. विक्रेता फार तर कपाळाला आठ्या घालील.

नियमांच्या काही बाबी तर टेप हाती घेतली की घरमालकालाही तपासता येतात. जमिनीपासून ८०० मिलिमीटरपर्यंतच्या खिडकीच्या काचेला, आणि दारात व दाराशेजारच्या पट्टीत १५०० मिलिमीटरपर्यंत, सुरक्षित काच लागते. तशा काचेच्या कोपऱ्यात मानकाची बारीक, न पुसणारी खूण असते. जुन्या खिडकीतून आगीच्या वेळी बाहेर पडता येत होते, तर नव्या खिडकीतूनही आले पाहिजे. त्यासाठीचे माप म्हणजे उघडणारी मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर, रुंदी व उंची प्रत्येकी किमान ४५० मिलिमीटर, आणि तिची खालची कड जमिनीपासून १,१०० मिलिमीटरपेक्षा वर नसावी. वरच्या मजल्यावरील झोपायच्या खोलीत पूर्ण उघडणाऱ्या झडपेऐवजी केवळ वरची लहान झडप उघडणारी खिडकी स्वस्तात बसवून दिली जाते, तेव्हा हेच माप हुकते. वरच्या मजल्यावर मुले झोपत असतील तर या एका मुद्द्यावर घासाघीस करूच नये.

हमीच्या बाबतीत शब्द बारकाईने वाचावेत. ‘दहा वर्षांची हमी’ ही देणारी कंपनी जिवंत असेपर्यंतच जिवंत असते, आणि या धंद्यात कंपन्या बंद पडून नव्या नावाने उघडल्याची उदाहरणे कमी नाहीत. कंपनी बुडाल्यास तिची जबाबदारी उचलणारी विम्याधारित हमी वेगळी. तिची पॉलिसी घरमालकाच्या नावे, स्वतंत्र विमा कंपनीकडून आली पाहिजे. मान्यता योजनांतही आर्थिक संरक्षणाची अट आहे, पण ते कशापुरते आहे हे वाचून घ्यावे. नियमभंग झालेले काम दुरुस्त करण्यापुरते संरक्षण असेल तर दोन वर्षांनी ढिल्या झालेल्या बिजागरीला त्याचा उपयोग नाही. अनामत रक्कम क्रेडिट कार्डाने भरण्यात शहाणपण आहे: वस्तूची किंमत १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर कंत्राट मोडल्यास कार्ड देणारी संस्थाही कायद्याने जबाबदार धरता येते. दारावर आलेल्या विक्रेत्याशी केलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो, असे अनेकांना वाटते. मापाने बनवलेल्या मालाला ती सवलत नाही, आणि खिडक्या मापानेच बनतात. सही करण्याची घाई लावणाऱ्याला हे ठाऊक असते.

गोव्यात परतून घर बांधणारे किंवा डागडुजी करणारे हीच अपेक्षा येथे ठेवतात, तेव्हा फरक ध्यानी घ्यावा. येथे बसवणाऱ्या कारागिराने स्वतः दाखला देऊन पंचायतीला वा नगरपालिकेला कळवण्याची अशी व्यवस्था नाही. जे आहे ते मालाचे प्रमाणन: सुरक्षित काचेसाठी भारतीय मानक २५५३, आणि त्यावरील आयएसआय चिन्ह. फॅब्रिकेटरच्या दुकानात भिंतीवर लावलेले आयएसओ ९००१ प्रमाणपत्र त्याच्या कारभाराच्या पद्धतीविषयी असते, खिडकीच्या दर्जाविषयी नव्हे. आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये घातला की परवाना कोणाचा, कोणत्या मालासाठी आणि अजून चालू आहे की नाही, हे लगेच दिसते.