चाचेपट

चाचेपट : शिडाच्या जहाजांच्या युगातील समुद्री लुटारूंच्या साहसांवर रचलेला चित्रपटप्रकार. तरवारबाजी, जहाजावरून जहाजावर घातलेली झडप, गाडून ठेवलेला खजिना, जुलमी सुभेदार आणि त्याच्याच घरातील मानी कन्येशी नायकाचे जडणारे प्रेम ही त्याची ठरलेली सामग्री होय. त्याचे माहेर हॉलिवूड असून कथाभूमी बहुधा कॅरिबियन समुद्राची, म्हणजे वेस्ट इंडीज बेटांच्या परिसराची असते. काळ सामान्यतः 1650 ते 1730 या दरम्यानचा, तथापि एलिझाबेथ राणीच्या अमदानीतील सनदी लुटारूंच्या कथाही याच प्रकारात मोडतात. वरवर पाहता हा प्रकार इतिहासावर आधारलेला वाटतो; वस्तुतः त्याचा पाया न्यायाच्या कल्पनेवर आहे. कायद्याने ज्याला नाडले, त्याने कायद्याबाहेर जाऊन आपली दाद आपणच मिळवावी, हे त्याचे मूळ सूत्र असून हे सूत्र जेथे शाबूत राहिले तेथे प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि जेथे केवळ जहाजांचा व तोफांचा थाट उरला तेथे बहुधा त्याच प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरविली, असे या प्रकाराच्या शंभर वर्षांच्या वाटचालीवरून दिसते.

प्रत्यक्षातील चाच्यांचे चरित्र पडद्यावर आणण्याजोगे क्वचितच होते. हेन्री एव्हरी या इंग्रज लुटारूने 1695 मध्ये मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे मोगल बादशहाचे जहाज लुटले, तेव्हा त्यावरील उतारूंवर व विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार झाले, ते कोणत्याही चाचेपटाच्या नायकाच्या नावावर जमा धरता येणार नाहीत. एव्हरी व त्याचे समव्यवसायी यांची चरित्रे ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या नावाने 1724 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकत्र आली आणि पुढील सर्व चाचेकथांचे तेच मूळ दफ्तर ठरले. त्यावर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने ‘ट्रेझर आयलंड’ (1883) ही कादंबरी रचून खजिन्याचा नकाशा व एकपाया चाचा यांची भर घातली. हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने कमरेला रुंद शेला आणि मस्तकाला रुमाल बांधलेला चाचा रंगविला. त्यात ऐतिहासिक पुराव्यापेक्षा चित्रकाराची प्रतिभा अधिक होती, पण हॉलिवूडच्या वेशभूषाकारांनी तोच पोशाख प्रमाण मानला. राफाएल साबातिनी या कादंबरीकाराच्या ‘द सी हॉक’ (1915) व ‘कॅप्टन ब्लड’ (1922) या कृतींनी चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा घटक पुरविला : सुसंस्कृत, अन्यायपीडित, नाइलाजाने चाचा झालेला नायक.

मूकपटाच्या काळात डग्लस फेअरबँक्स याने ‘द ब्लॅक पायरेट’ (1926) निर्माण केला. चाच्यांनी पित्याचा वध केल्यामुळे सूडाची शपथ घेऊन त्यांच्यातच सामील होणारा उमराव ही त्याची भूमिका. दोन रंगांच्या तत्कालीन टेक्निकलर पद्धतीने हा संपूर्ण चित्रपट रंगीत केला होता. रंगांनी प्रेक्षकांचे डोळे शिणतील या भीतीने छटा मुद्दाम मंद ठेवण्यात आल्या. त्यातील एक दृश्य आजही सांगितले जाते : डोलकाठीवर चढलेला नायक शिडात सुरी खुपसतो आणि ती शीड फाडीत असता तिच्या मुठीला धरून सरळ खाली घसरत येतो. त्यामागे यंत्रयोजना होती. परंतु देह मात्र खराखुरा होता, आणि प्रेक्षकांनी दाद दिली ती त्या देहाला. फेअरबँक्सच्या साहसपटांचा मोह हिंदुस्थानी प्रेक्षकांनाही पडला होता; मूकपटांतून तरवार गाजविणारे मास्टर विठ्ठल यांना ‘हिंदी डग्लस फेअरबँक्स’ असे संबोधीत, यावरून त्या लोकप्रियतेची कल्पना येईल.

या प्रकाराचा उत्कर्षबिंदू म्हणजे मायकेल कर्टिझ दिग्दर्शित ‘कॅप्टन ब्लड’ (1935). पीटर ब्लड हा शांतताप्रिय वैद्य. 1685 च्या मॉनमथच्या बंडात जखमी झालेल्या एका बंडखोराला औषधोपचार केले एवढ्याच अपराधासाठी त्याला राजद्रोही ठरविले जाते आणि जमेका बेटावर गुलाम म्हणून विकले जाते. तेथून तो पळतो, स्पॅनिश जहाज काबीज करतो आणि चाचा होतो. वॉर्नर ब्रदर्स कंपनीने प्रथम योजिलेला रॉबर्ट डोनट हा नट मिळू न शकल्यामुळे एरॉल फ्लिन या जवळजवळ अपरिचित तरुणाला ही भूमिका देण्यात आली आणि एका चित्रपटाने तो जगप्रसिद्ध झाला. समुद्रयुद्धाच्या दृश्यांसाठी लहान प्रतिकृती वापरल्या होत्या, शिवाय 1924 च्या मूक ‘सी हॉक’मधील काही भाग घेतला होता. एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड याने अल्पावधीत रचलेले संगीत, बॅसिल रॅथबोनशी समुद्रकिनाऱ्यावर झालेले द्वंद्व आणि ऑलिव्हिया डी हॅविलंडचा संयत अभिनय यांचाही यशात वाटा आहे. पण खरे यश कथेच्या रचनेचे. 1934 पासून हॉलिवूडमध्ये नीतिसंहितेची कसून अंमलबजावणी सुरू झाली होती आणि गुन्हेगाराला शिक्षेवाचून सोडण्यास तीत मनाई होती. मग चाच्याला नायक कसे करावे? मूळ कथेतील इतिहासच येथे कामी आला : 1688 मध्ये राजा जेम्स पदच्युत होतो, नवा राजा विल्यम ब्लडला माफीनामा पाठवितो, आणि ज्याने त्याला गुलाम म्हणून राबविले त्याच सुभ्याचा तो गव्हर्नर होतो. म्हणजे नायक बदलत नाही, राज्य बदलते. मंदीच्या वर्षांत न्यायालये, पतपेढ्या व मालक यांच्यावरील विश्वास उडालेल्या प्रेक्षकवर्गाला ही मांडणी किती दिलासा देणारी वाटली असेल हे निराळे सांगावयास नको.

‘कॅप्टन ब्लड’ला एक वर्षही लोटले नसता पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अमर ज्योती’ (1936) हा हिंदी बोलपट काढला. चाचेपटाच्या विदेशी इतिहासांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो, हा त्या इतिहासांचा मोठा उणेपणा होय. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, के. नारायण काळे यांची कथा, मास्टर कृष्णरावांचे संगीत आणि सौदामिनीच्या भूमिकेत दुर्गा खोटे असा हा योग होता. पत्नीला पतीची दासी मानणाऱ्या राज्यात सौदामिनीला तिच्या तान्ह्या मुलाचा ताबा नाकारला जातो. ज्या कायद्याने मातेला मूल मिळत नाही तो कायदा ती धुडकावते, जहाजावर आपले निशाण चढविते आणि राणीचे गलबत लुटून न्यायमंत्री दुर्जय याला कैद करते. चंद्रमोहन यांनी रंगविलेल्या या दुर्जयाचा पाय ती छाटते. ब्लड आणि सौदामिनी ही दोघेही न्यायासनाने नाडलेली माणसे आहेत. परंतु ब्लडला न्याय देण्यास राजा बदलला की पुरते, सौदामिनीची तक्रार मात्र कोण्या एका राजाविरुद्ध नसून पुरुषांनी लिहिलेल्या संपूर्ण संहितेविरुद्ध आहे, म्हणून तिला माफीनामा देणारी सत्ता पृथ्वीवर नाही. आशयाच्या दृष्टीने ‘अमर ज्योती’ हा त्या दशकातील सर्वांत धीट चाचेपट आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. सूडाने पेटलेल्या स्त्रीच्या अंतरीचे कोरडेपण व अपत्याची ओढ एकाच चेहऱ्यावर आणण्याचे दुर्गाबाईंचे सामर्थ्य पाहिले म्हणजे हॉलिवूडने पुढे ‘अ‍ॅन ऑफ द इंडीज’ (1951) मध्ये उभी केलेली स्त्री-चाचा तुलनेने फिकी वाटते. हा चित्रपट व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला होता.

फ्लिन व कर्टिझ यांचाच ‘द सी हॉक’ (1940) हा साबातिनीचे केवळ नाव घेऊन स्वतंत्रपणे लिहिलेला चित्रपट. त्याचा नायक एलिझाबेथ राणीचा सनदी लुटारू असून साऱ्या जगाचा नकाशा आपल्या अंमलाखाली आणू पाहणारा स्पेनचा दुसरा फिलिप त्यात खलनायक आहे. त्या वेळी ब्रिटन नाझी जर्मनीशी लढत होते आणि शेवटी राणीने आरमार उभारण्याविषयी केलेले भाषण सोळाव्या शतकापुरते नाही, हे कोणाही प्रेक्षकाला उमगत होते. पुढे दोनच वर्षांनी टायरोन पॉवरचा ‘द ब्लॅक स्वॉन’ (1942) आपल्या रंगचित्रणासाठी ऑस्कर मिळवून गेला. बर्ट लँकेस्टर व त्याचा सर्कशीतील जुना जोडीदार निक क्रॅव्हट यांच्या कसरतींनी नटलेला ‘द क्रिमसन पायरेट’ (1952) हा फेअरबँक्सच्या परंपरेचा शेवटचा मोठा आविष्कार. बाकीच्या पुष्कळ चित्रपटांत तीच जहाजे, तेच सेट व तेच कथानक फिरून फिरून आले.

प्रेक्षक चित्रपटाकडून काय घेऊन जातात याचा एक विलक्षण दाखला डिस्नेच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये (1950) आहे. लाँग जॉन सिल्व्हरच्या भूमिकेत रॉबर्ट न्यूटन याने आपल्या परिचयाची नैऋत्य इंग्लंडची ग्रामीण बोली, तिच्यातील घोळलेल्या रकारासह, मुद्दाम ठसठशीत करून वापरली. ती जनमनात इतकी रुजली की चाचा म्हटला की तो असाच बोलणार हे इंग्रजी भाषिक जगाने गृहीत धरले. दरवर्षी 19 सप्टेंबरला हौशी मंडळी दिवसभर त्या बोलीत बोलतात. एका नटाचा उच्चार अशा रीतीने इतिहासाच्या जागी रुजू झाला.

यानंतरचा काळ ओहोटीचा. रोमन पोलान्स्की यांच्या ‘पायरेट्स’साठी (1986) खरेखुरे प्रचंड जहाज बांधण्यात आले, पण प्रेक्षक आले नाहीत. रेनी हार्लिन दिग्दर्शित ‘कटथ्रोट आयलंड’ (1995) हे तर या धंद्यातील अपयशाचे प्रमाण उदाहरण ठरले : सुमारे 10 कोटी डॉलरांचा खर्च, अमेरिकेत त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याची आवक, आणि निर्मिती करणाऱ्या कॅरोल्को कंपनीचे दिवाळे. हे अपयश नायिकाप्रधान कथेचे असे त्या वेळी काहींनी म्हटले. ‘अमर ज्योती’ पाहिलेल्यास ते पटणार नाही. दोष असा, की कथेला खजिना होता, गाऱ्हाणे नव्हते. हाच न्याय आपल्याकडील ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’लाही (2018) लावता येतो. त्यात कंपनी सरकारविरुद्धचे गाऱ्हाणे होते, परंतु ते तोंडदेखले. दिवाळीत प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी चित्रपटगृहे तुडुंब भरली आणि लोकांनी एकमेकांस अनुभव सांगताच ती झपाट्याने ओसरली.

डिस्नेलँडमधील 1967 च्या एका करमणुकीच्या सफरीवरून रचलेल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ (2003) या चित्रपटाकडून म्हणूनच कोणाला फारशी अपेक्षा नव्हती. जॉनी डेप याने कॅप्टन जॅक स्पॅरोला दिलेली झोकांडी खाणारी चाल, डोळ्यांतील काजळ व सोन्याचे दात पाहून डिस्ने कंपनीचे अधिकारी धास्तावले होते. प्रेक्षकांनी उलट कौल दिला. चित्रपटाने जगभर 65 कोटी डॉलरांहून अधिक मिळकत केली आणि दुसऱ्या भागाने (2006) 100 कोटींचा टप्पा ओलांडला. स्पॅरो हा ब्लडसारखा सज्जन नव्हे. पण त्याच्याच खलाशांनी दगा देऊन त्याचे जहाज बळकावलेले आहे आणि त्याला ते परत हवे आहे, एवढे सरळ गाऱ्हाणे सर्व भुताटकीच्या देखाव्याखाली अभंग राहिले आहे.

याच मालिकेचा तिसरा भाग (2007) मराठी वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहावा. जगातील नऊ चाचेप्रमुखांच्या सभेत हिंदी महासागराचा प्रतिनिधी म्हणून ‘श्री सुंभाजी आंग्रिया’ नावाचे पात्र आणले आहे. हे नाव कान्होजी आंग्रे यांचे पुत्र संभाजी यांच्यावरून घेतलेले उघड दिसते, आणि पात्र केवळ हसण्यासाठी आहे. कान्होजी (मृत्यू 1729) हे छत्रपतींचे सरखेल. कुलाब्यापासून दक्षिणेकडे पसरलेल्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल होता. त्यांचे दस्तक घेतल्याशिवाय चालणारी गलबते ते जप्त करीत, जसे पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय चालणारी करीत. 1721 मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी त्यांनी निष्फळ केली. त्यांना चाचा म्हटले ते मुंबईच्या इंग्रज दफ्तराने, म्हणजे प्रतिपक्षाने. स्पेनच्या दफ्तरात एलिझाबेथ राणीचा दर्यावर्दी ड्रेकही लुटारूच होता. तथापि हॉलिवूडने त्याच्या साथीदारांना ‘सी हॉक’ करून गौरविले आणि आंग्र्यांना विदूषक केले. त्याच चित्रपटातील चिनी चाच्याचा बराच भाग चीनच्या परिनिरीक्षकांनी कापून टाकला होता. कात्री हा उपाय नव्हे. आंग्र्यांच्या आरमाराची बखर, पत्रव्यवहार व किल्ले आपल्यापाशी आहेत. त्यांतून कान्होजींचा चित्रपट जो कुणी प्रामाणिकपणे उभा करील, त्याने ‘कॅप्टन ब्लड’ आणि ‘अमर ज्योती’ ही दोन्ही आधी पाहावीत.