डोळ्यातला बुडबुडा आणि खंडाळ्याचा घाट

अब्बांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा मुंबईत ऑपरेशन झालं. पडदा जागेवर बसला. डॉक्टरांनी डोळ्यात गॅस भरला, पालथं झोपायला सांगितलं आणि कार्डावर लिहून दिलं, 'विमानप्रवास टाळावा'. आम्हाला त्याचं हसू आलं. सातारला जायला विमान कशाला लागतंय! चौथ्या दिवशी भाड्याची गाडी केली आणि निघालो.

खंडाळ्याचा घाट चढताना अब्बा म्हणाले, "डोळा ठणकतोय." अम्मीनं पर्समधली डोकेदुखीची गोळी दिली. खंबाटकीत त्यांना उलटी झाली, तर गाडी लागली असेल असं आम्ही समजलो. घरी पोचल्यावर ते अंधार करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं. ५२ होतं. साधारण १० ते २१ असावं लागतं.

त्या रात्रीचा हिशोब मला पुढे बरीच वर्षं सुटला नव्हता. घाटाचा आणि डोळ्याचा संबंध काय? तो शोधायला बसलो आणि एका जुन्या इतिहासात शिरलो. तो आज सांगतो.

आपल्या मंडळींत डोळ्याचा विषय निघाला की कुणीतरी इब्न अल-हैथमचं नाव घेतंच. मोसुलच्या अम्मारनं हजार वर्षांपूर्वी पोकळ सुईनं मोतीबिंदू ओढून काढला, हेही अभिमानानं सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. पण पडदा सुटण्याच्या आजारात या थोरांचा काही इलाज नव्हता. जिवंत माणसाच्या बुबुळातून आत बघताच येत नव्हतं, मग इलाज कुठून येणार? १८५१ साली हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत बघायचं यंत्र तयार केलं. दोनच वर्षांत कोक्सिअस या जर्मन डॉक्टरला पडद्यावरची फाट दिसली. तरी त्या फाटेमुळेच पडदा सुटतो, हे पटायला आणखी पाऊण शतक गेलं. तोवर रोग्याला आठवडेच्या आठवडे निपचित झोपवून ठेवत, आणि बहुतेक डोळे जातच.

ते पटवून दिलं स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी. हा माणूस पडद्यावरची फाट नेमकी हुडकायचा आणि बाहेरून तापलेल्या सळईनं तेवढ्याच जागी डाग द्यायचा. ऐकूनच अंगावर काटा येतो. पण पूर्वी जिथं क्वचितच एखादा डोळा वाचायचा तिथं त्यांच्या हातून निम्म्याच्या आसपास वाचू लागले. अनेकांनी त्यांची टवाळी केली. १९२९ साली ॲमस्टरडॅमच्या परिषदेत मात्र जगानं त्यांचं म्हणणं मान्य केलं.

पुढचा प्रश्न होता, डाग भरून येईपर्यंत पडदा भिंतीला दाबून कोण धरणार? एक वाट बाहेरून पट्टा बांधायची. कुस्टोडिसनं जर्मनीत आणि शेपेन्सनं अमेरिकेत ती रुळवली. पट्ट्यानं आतला भाग सुजून पुढे सरकला की पाण्याची वाट बंद होते आणि प्रेशर चढतं. दुसरी वाट आतून हवेचा बुडबुडा भरायची. ओम यांनी १९११ साली ती करून पाहिली, १९३८ साली स्वीडनच्या रोझेनग्रेन यांनी नीट वापरली. पण हवा काही दिवसांत विरून जाते. १९७३ साली मायामीच्या एडवर्ड नॉर्टन यांनी जास्त टिकणारा गॅस वापरल्याचे निष्कर्ष छापले. त्याचं नाव सल्फर हेक्झाफ्लोराइड.

हे नाव मी वाचून दाखवलं तेव्हा अब्बा उठूनच बसले. "अरे, हा तर आपल्या ब्रेकरमधला गॅस!" वीज मंडळाच्या उपकेंद्रात त्यांची नोकरी गेली. तिथल्या ब्रेकरमध्ये ठिणगी विझवायला हाच एसएफ-सिक्स भरतात. आयुष्यभर ज्याचं प्रेशर मीटरवर बघितलं, तोच आपल्या डोळ्यात बसला होता याची त्यांना फार गंमत वाटली.

या गॅसचा एक स्वभाव आहे. तो रक्तात हळू विरघळतो, पण रक्तातला नायट्रोजन त्याच्या बुडबुड्यात झपाट्यानं शिरतो. त्यामुळं शुद्ध गॅस भरला तर एक-दोन दिवसांत बुडबुडा जवळपास दुप्पट होतो. म्हणून सर्जन त्यात हवा मिसळून त्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. मिश्रण चुकलं तर प्रेशर चढतं. भूल देताना वापरायचा नायट्रस ऑक्साइड असाच बुडबुड्यात घुसतो. दुसऱ्याच कुठल्या ऑपरेशनसाठी अशी भूल दिल्यामुळं डोळा गमावलेले रोगी आहेत. तेव्हापासून काही ठिकाणी रोग्याच्या मनगटावर पट्टा बांधतात.

आणि घाट? रॉबर्ट बॉईलचा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलाय: दाब कमी झाला की वायू फुगतो. याच बॉईलनं एका सापाला निर्वात पात्रात ठेवलं होतं. त्याच्या डोळ्यात त्याला एक बुडबुडा हलताना दिसला. १६७० साली त्यानं ते छापलंसुद्धा. आता आमचा हिशोब करा. मुंबईत हवेचा दाब ७६० मिलीमीटर पारा, सातारला सुमारे ७००. म्हणजे बुडबुडा फुगणार आठेक टक्के. डोळ्यात चार मिलीलीटर गॅस असेल तर वाढ झाली सहा-सात थेंबांची. सहा-सात थेंब म्हणजे काहीच नाही. पण डोळ्याचं कवच ताणत नाही, तेवढं पाणी बाहेर जायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात मागच्या नसेचं रक्त अडतं. विमानच कशाला, खंडाळाही पुरतो. कार्डावर 'घाट' हा शब्द नव्हता. पण ठणका सुरू झाल्यावर फोन करायला कार्डावर नंबर होता, आणि तो आम्ही फिरवला नाही, हेही तितकंच खरं.

गॅसऐवजी तेल भरायची पद्धत १९६२ साली पॉल सिबिस यांनी आणली. सिलिकॉनचं तेल पाण्याहून हलकं, वर तरंगतं आणि बाहुलीचं तोंड बुजवतं. जपानच्या आंदो यांनी १९८५ साली बुबुळाच्या खालच्या बाजूला छोटं भोक पाडायला सुचवलं, म्हणजे तेल वर असलं तरी पाण्याला खालून वाट राहते. प्रेशरवर बुबुळाला भोक पाडायचा उपाय मुळात बर्लिनच्या फॉन ग्रेफेंचा, १८५७ सालचा. सव्वाशे वर्षांनी तो उलट्या बाजूला उपयोगी पडला!

अब्बांना त्या सकाळी मॅनिटॉलची बाटली लावली आणि डायमॉक्सच्या गोळ्या सुरू केल्या. ही गोळी १९५४ साली बर्नार्ड बेकर यांनी काचबिंदूसाठी पुढे आणली. संध्याकाळपर्यंत प्रेशर उतरलं. पडदा आजही जागेवर आहे, पण त्या डोळ्यानं खालचं अर्धं दिसत नाही. जिना उतरताना ते आधी पायानं पायरी चाचपतात.

पुढे डाव्या डोळ्यालाही फाट निघाली. या वेळी ऑपरेशननंतर अब्बा मुंब्र्याला फुफीकडेच राहिले. बुडबुडा डोळ्यात वर तरंगतो, पण रोग्याला तो खाली दिसतो, कारण पडद्यावर चित्र उलटं पडतं. अब्बा रोज सकाळी खिडकीकडे बघून त्याचा आकार ठरवायचे आणि फोनवर सांगायचे. आधी भाकरी, मग लिंबू, मग वाटाणा. अठराव्या दिवशी म्हणाले, "आज मुगाएवढा आहे. गाडीचं परवा बघ."