देवळालीचा ताप, वळिवड्याची सावली

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा तालुका म्हटला की जिजाऊंचे जन्मस्थान डोळ्यांसमोर उभे राहते. याच तालुक्यात दुसरबीड हे गाव आहे. एरवी त्याचे नाव पंचक्रोशीबाहेर फारसे कोणी घेतले नसते. परंतु 20 ऑगस्ट 2021 रोजी या गावाच्या परिसरात समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना घेऊन जाणारे वाहन उलटले. वाहनात लोखंडी सळ्या भरलेल्या होत्या आणि त्यांवरच मजूर बसले होते. सळ्यांखाली सापडून 13 जणांचा अंत झाला. पोटासाठी परप्रांतांतून आलेली ही माणसे होती. पुढे 1 जुलै 2023 च्या मध्यरात्री, याच तालुक्यात, तयार झालेल्या त्याच महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस पेटली आणि 25 प्रवासी होरपळून गेले. बहुतेक मृतांची ओळखही पटेना, म्हणून बुलढाण्यात सामुदायिक अंत्यविधी करावा लागला.

मृतांची संख्या वर्तमानपत्रांत छापून आली, मदतीची रक्कम जाहीर झाली, चौकशी झाली. पण जे वाचले त्यांचे काय? आगीतून बाहेर पडलेल्या माणसाला पुढे रात्रीच्या बसमध्ये पाऊल टाकवते का? सहकाऱ्याचा देह सळ्यांखालून ओढून काढणारा मजूर आपल्या गावी परतल्यावर झोपतो का? भाजलेल्या कातडीवर मलम लागते. मनाच्या भाजण्यावर कोण आणि कुठे मलम लावणार? आणि त्याचे पैसे कोण देणार? हे प्रश्न नवे नाहीत. आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर, परक्या देशांतून आलेल्या माणसांच्या संदर्भात, ते पूर्वी दोनदा उभे राहिले होते. एकदा त्यांचे उत्तर चुकले, एकदा बऱ्याच अंशी बरोबर आले. त्या दोन उत्तरांची ही हकिकत आहे.

पहिली हकिकत नाशिकजवळच्या देवळालीची. 1860 च्या दशकात इंग्रज सरकारने येथे लष्करी तळ वसवला. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणारे जहाज मिळेपर्यंत देवळालीत येऊन थांबत. सैनिकांना नेणारी जहाजे केवळ हिवाळ्याच्या हंगामात मुंबईहून सुटत. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर पुरी होई त्याला महिनोन्महिने तिथेच दिवस ढकलावे लागत. धड काम नाही, बंदूक नाही, घर नाही. सोबतीला ऊन, दारू आणि आठवणी. कित्येकांचे चित्त ठिकाणावर राहत नसे. इंग्रजी सैन्यात अशा माणसाला ‘देवळालीचा ताप’ झाला असे म्हणू लागले. त्यांच्या तोंडी देवळालीचे ‘डूलाली’ झाले आणि आपला ताप ‘टॅप’ झाला. वेड लागले या अर्थाने ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजीत आजही रूढ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात शिपाईगिरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाने 1936 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या तापाचे वर्णन केलेले आहे.

त्या शिपायांच्या दुखण्याला शब्द मिळाला तो थट्टेचा. ज्याला थट्टेचा शब्द मिळतो त्याला औषध मिळत नाही, हा इतिहासाचा अनुभव आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने थरथर कापणाऱ्या, वाचा गेलेल्या सैनिकांविषयी चार्ल्स मायर्स यांनी 1915 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आणि ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकात आला. स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स यांनी अशा रुग्णांना बोलते करून बरे करण्याचा प्रयत्न केला. हेच रिव्हर्स त्यापूर्वी निलगिरीच्या तोडा लोकांचा अभ्यास करून गेले होते. पण क्रेगलॉकहार्ट होते अधिकाऱ्यांसाठी. साध्या शिपायाच्या वाट्याला पुष्कळदा भित्रेपणाचा शिक्काच आला. मनाच्या उपचाराला दर्जा आणि पैसा यांची चाळणी तेव्हापासूनच लागलेली आहे. या व्याधीला आज आपण ‘आघातोत्तर तणाव’ म्हणतो. वैद्यकाच्या अधिकृत यादीत तिला स्थान मिळायला 1980 साल उजाडावे लागले आणि तेही व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे.

दुसरी हकिकत अधिक प्रकाशाची आहे. सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने घाला घातला. फेब्रुवारी 1940 पासून पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवण्यात आले. थंडी, उपासमार, जंगलतोडीची सक्ती आणि रोगराई यांत आईसमोर मुले गेली, मुलांसमोर आया गेल्या. जून 1941 मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली, तेव्हा लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारशी रशियाचा करार झाला आणि हे बंदिवान मोकळे झाले. 1942 मध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो स्त्रिया व मुले कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. पुढे कोठे जायचे, हा प्रश्न होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला, ही गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. परंतु हिंदुस्थानातील सर्वांत मोठी पोलिश वसाहत आपल्या कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठच्या वळिवडे गावी होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

वळिवड्याची छावणी 1943 मध्ये सुरू झाली आणि 1948 पर्यंत चालली. सुमारे 5,000 माणसे तेथे राहून गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. इराणातून समुद्रमार्गे कराची आणि तेथून आगगाडीने कोल्हापूर असा त्यांचा प्रवास झाला. जमीन कोल्हापूर संस्थानची, देखरेख ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची आणि खर्च प्रामुख्याने लंडनच्या पोलिश सरकारचा. निर्वासिताला दरवेळी हात पसरावा लागला नाही.

तेथे मानसोपचार असा शब्द कोणी उच्चारला असेल असे वाटत नाही. तेथे होत्या लांबच लांब बराकी आणि प्रत्येक कुटुंबाला मिळालेली स्वतंत्र खोली. वर्षानुवर्षे शंभर माणसांत झोपलेल्या बाईला आपले दार आपण लावून घेता आले. तेथे शाळा होत्या आणि त्या पोलिश भाषेत चालत. रुग्णालय होते, नाट्यगृह होते, बालवीरांची पथके होती. मुख्य म्हणजे चर्च होते. सायबेरियात ज्यांना आपल्या मृतांसाठी मिस्साबलिदान अर्पण करता आले नव्हते, त्यांना इथे स्वतःच्या भाषेत प्रार्थना करता आली, आप्तांची नावे घेऊन रडता आले. प्रकृती खालावलेल्यांसाठी पाचगणीच्या थंड हवेत पोलिश आरोग्यकेंद्र चालवले जाई. भाजी, फळे, कापड विकणाऱ्या कोल्हापूरकरांनी धंद्यापुरती पोलिश भाषा आत्मसात केली. काही मुलींनी तर इथेच संसार थाटले.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये आघातग्रस्तांविषयी गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यात सावरण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत : प्रथम सुरक्षितता, मग झाल्या गोष्टींचे स्मरण व शोक, आणि अखेर माणसांत परत मिसळणे. वळिवड्याकडे या दृष्टीने पाहिले की या तिन्ही पायऱ्या तेथे होत्या असे दिसते. खोलीचे दार ही सुरक्षितता. चर्च आणि मृतांसाठीची प्रार्थना हे स्मरण. शाळा, नाटक आणि कोल्हापूरचा बाजार हे माणसांत परतणे.

अर्थात या चित्राला काळी बाजूही आहे आणि ती लपवणे इतिहासाला शोभणारे नाही. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्याच्या माणसांना जायला स्वतःचा देश उरला नाही, कारण त्यांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. 1948 पर्यंत ती ब्रिटन, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशी जगभर पांगली. काही कोल्हापूरच्या मातीतच विसावली. शिवाय छावणी कितीही मायेची असली तरी तिने प्रत्येक जखम भरली असेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पोलंडमध्येच डॉ. अंतोनी केम्पिन्स्की आणि क्राकोतील त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 पासून आउश्वित्झमधून वाचलेल्यांचा अभ्यास केला. सुटकेला कित्येक वर्षे लोटली तरी छळछावणी माणसाच्या आत चालूच राहते, हे त्यांना दिसून आले. माया हवीच, पण माया जेथे थांबते तेथून पुढे जाणकाराचा हात लागतो.

मग आपण, ज्यांनी पाच हजार परक्यांना सावली दिली, आपल्या माणसांशी कसे वागलो? 1990 साली इराकने कुवेतवर आक्रमण केले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणले गेले. आखातात नोकरीला असलेली गोव्यातील व किनारपट्टीवरील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे तेव्हा या अनुभवातून गेली. बुडालेल्या पगाराची चौकशी सर्वांनी केली. ‘झोप लागते का?’ असे किती जणांनी विचारले? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून निजलेली गावे दगडमातीखाली गेली. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. घरे पुन्हा बांधली गेली, गावे नव्या जागी वसली. या भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झाला, ही आपल्याकडील मोठीच पायरी होती. त्यापूर्वी 1984 च्या भोपाळ वायुकांडानंतर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. श्रीनिवास मूर्ती आणि इतरांनी साध्या डॉक्टरांना मानसिक दुखणी ओळखण्याचे शिक्षण दिले होते. तज्ज्ञ थोडे आणि दुःखी अनेक असतील तर तज्ज्ञाने आपली विद्या वाटून द्यावी, हा त्यातला धडा.

आज चित्र उलटसुलट झाले आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला समुपदेशकाच्या तासाभराच्या एका बैठकीसाठी शंभर-दोनशे डॉलर मोजावे लागणे हे नवल नाही. अशा बैठका आठवड्यामागून आठवडे चालतात. शिवाय परक्या भाषेत आईच्या मृत्यूविषयी बोलताना शब्द घशातच अडकतात. म्हणून कोणी सुट्टीत मायदेशी येऊन, कोणी दूरध्वनीच्या पडद्यावरून, पुण्या-मुंबईचा मराठी समुपदेशक गाठतात. स्वस्त उपचारासाठी देश ओलांडणे यात कमीपणा काहीच नाही. मात्र उपचार करणाऱ्याची पात्रता पाहावी, आघातग्रस्तांवर उपचार करण्याचे शिक्षण त्याने घेतले आहे का हे विचारावे आणि परत गेल्यावर पुढे कोण पाहील हे आधी ठरवावे. अर्धवट उघडून सोडलेली जखम न उघडलेलीपेक्षा वाईट.

आणि ज्याला देशच काय, जिल्हाही ओलांडता येत नाही, त्याचे काय? दुसरबीडच्या माणसाला नागपूर किंवा पुण्याचे मनोरुग्णालय जवळ नाही. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय यंत्रणेत परवडणारे मानसोपचार मिळणे हा हक्क ठरवला आहे आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला ते विनामूल्य मिळाले पाहिजेत, असे म्हटले आहे. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही शासकीय विनामूल्य सेवा सुरू झाली. तेथे आपल्या भाषेत बोलता येते. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने तर सामान्य शिक्षणाच्या कार्यकर्त्यांना तयार करून प्राथमिक आरोग्यकेंद्रांत नैराश्य व चिंता यांच्या रुग्णांना साहाय्य दिले. शासकीय केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झाला, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. म्हणजे मार्ग आहेत. उणीव आहे ती रुग्णाला त्या मार्गापर्यंत हाताला धरून नेणाऱ्याची.

येथे यरुशलेमहून यरिहोकडे जाणाऱ्या वाटेवरचा तो घायाळ प्रवासी आठवतो. त्याला उचलणारा शोमरोनी परका होता. त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून तो थांबला नाही. त्याने त्याला उतारशाळेत नेले, उतारशाळेच्या रक्षकाला दोन नाणी दिली आणि आणखी लागेल ते परतल्यावर देईन असेही सांगितले. प्रभू येशूने सांगितलेल्या या दाखल्यात उपचाराचा खर्च कोणी सोसला याचा हिशेबदेखील आहे, हे आपण वाचताना सहसा ध्यानात घेत नाही. वळिवडे ही अशी एक उतारशाळा होती. पोलंड तिला विसरला नाही. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे आणि वळिवड्याच्या मुलांनी आपल्या आठवणींचा जाड ग्रंथ 2000 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असा एखादा घायाळ प्रवासी असतो. अपघातातून वाचलेला, जहाजावरून घाबरून परतलेला, घरातल्याच मारहाणीने खचलेली. त्याला ‘प्रार्थना कमी पडते’ असे सांगणे म्हणजे देवळालीच्या तापाची थट्टा पुन्हा करणे होय. त्याच्याबरोबर जपमाळ जरूर म्हणावी आणि सकाळी त्याच्याच बरोबर जिल्हा रुग्णालयाची बसही धरावी. तिकिटाचे पैसे आपण द्यावेत.