कॉफीच्या साक्यातले भविष्य

आपल्याकडे चहा गाळून पितात. चोथा गाळणीत राहतो, तो तुळशीला नाहीतर गुलाबाला घातला की संपले. तेव्हा कपाच्या तळाशी पाहून भविष्य सांगण्याची विद्या इथे रुजायला जागाच नव्हती! इंग्लंड-स्कॉटलंडात पूर्वी किटलीतून पत्तीसकट चहा ओतीत, आणि तळाच्या पानांवरून प्रवास, पत्र, लग्न यांचा अंदाज बांधीत. पुढे चहा कागदी पिशव्यांतून आला आणि ती चाल मागे पडली. तुर्कस्तानात मात्र कॉफीच्या साक्यावरून भविष्य पाहणे आजही चालू आहे.

इब्राहिम पेचेवी हा १७ व्या शतकातला उस्मानी इतिहासकार. तो सांगतो की, १५५४-५५ च्या सुमारास अलेप्पो व दमास्कसहून आलेल्या दोघांनी इस्तंबूलात कॉफीची पहिली दुकाने काढली. तेथे लोक दरबारच्या गोष्टी बोलू लागले, म्हणून १६३३ साली सुलतान चौथा मुराद याने अशी दुकाने बंद करविली. पण दुकाने पुरुषांची. बायकांची कॉफी घरात होत असे.

तिची रीत ऐका. पिठासारखी बारीक दळलेली कॉफी लांब दांड्याच्या भांड्यात उकळायची आणि न गाळता पेल्यात ओतायची. पिऊन झाली की वर बशी ठेवून, मनात इच्छा धरून पेला उपडा करायचा. लवकर निवावा म्हणून कोणी बुडावर अंगठी ठेवतात. मग ओघळलेल्या साक्याच्या आकृत्या वाचायच्या: पक्षी म्हणजे बातमी, मासा म्हणजे नशीब, वाट म्हणजे प्रवास.

आता पाहा, पेला वाचणारी बहुधा शेजारीण किंवा मावशी. घरची हकीगत तिला ठाऊकच. "तुझ्या मनावर ओझं दिसतंय गं," एवढे ती म्हणाली की समोरची सून बोलू लागते. सासूपुढे जे निघत नाही ते पेल्याच्या निमित्ताने निघते. ही चाल टिकली ती, माझ्या मते, यामुळेच. साक्यात काही दिसते म्हणून नव्हे.

३० नोव्हेंबर १९२५ रोजी तुर्की प्रजासत्ताकाने ६७७ क्रमांकाचा कायदा केला. दर्वेशांचे मठ बंद झाले आणि भविष्य सांगण्यालाही बंदी आली; शिक्षा किमान तीन महिने कैद. हेतू वाईट नव्हता. अडलेल्याला लुबाडणारे भोंदू तेथेही होतेच, आणि त्यांच्यापायी घरे बुडतात हे आपणांस सांगायला नको. पण माजघरात शिपाई कसा शिरणार? कायदा आजही रद्द झालेला नाही, तरी इस्तंबूलात पेला वाचून देणारी दुकाने आहेत. पुष्कळ ठिकाणी पैसे कॉफीचे घेतात, भविष्य म्हणे फुकट! आणि २०१३ साली युनेस्कोने तुर्की कॉफीची परंपरा वारसायादीत घेतली, तेव्हा त्या नोंदीत पेल्यातल्या साक्याचाही उल्लेख झाला.